टँकरपुढचा रॅप

ती रेणापूरची, मी नायगावची. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकताना आमची जोडी जमली. ती तोंडानं ठेका धरायची, मी त्यावर रॅप म्हणायची, आमच्याच बोलीत. पुण्याकडची पोरं आमच्या बोलीची नक्कल करून हसायची, "लई काय, न्हाई काय!" पण शेवटच्या वर्षापर्यंत नांदेड-लातूर रस्त्यावरच्या जीपांत आमचीच गाणी वाजत होती.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एका तालुक्याचा जिल्हा करा म्हणून मेळावा होता. गर्दी जमवायला आम्हाला बोलावलं. स्टेजमागं संयोजक म्हणाले, "पोरींनो, पाण्याचं गाणं नको. आज जिल्ह्याचा विषय हाय."

"काका, प्यायला पाणी न्हाई अन् जिल्हा कशाला?" मैत्रीण म्हणाली.

"आधी जिल्हा होऊ द्या. पाण्याचं मग बघू."

तेवढ्यात टँकर आला. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या. ड्रायव्हरनं त्यांना बाजूला सारलं आणि पाइप मैदानावर सोडला. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून! माझं डोकं भणाणलं. स्टेजवर गेले ती ठरलेलं गाणं सोडून सुचेल ते म्हणत सुटले:

"तुमच्या कपड्याला धूळ नगं, म्हणून मातीला पाणी,
आमच्या घागरीत थेंब न्हाई, वर म्हणता गा गाणी!"

माईक बंद झाला. "उतरा खाली!" संयोजक ओरडले. उतरलो, ते थेट टँकरपाशी. मैत्रिणीनं पाइपला हात घातला.

"ताई, मला सांगितलं तेवढं करून राहिलो मी," ड्रायव्हर म्हणाला.

"मग सांग, पोरींनी हिसकावला."

त्यानं पाइप सोडला. बायांनी घागरी लावल्या.

नंतर माझ्या वडिलांना फोन आला, "मुलीला आवरा." पाणी मातीत घालणाऱ्यांना असा फोन कुणी केला नाही! कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ मात्र गावोगाव फिरला, मुंबईपर्यंत बोलावणी आली. निलंगा, देगलूरकडच्या पोरी स्वतःचे रॅप पाठवू लागल्या. देगलूरची एक तर मराठीत तेलुगू असं मिसळायची की आम्ही थक्क व्हायचो. "नाचगाणं बंद," म्हणून तिच्या बापानं तिचा मोबाईल काढून घेतला. आम्ही दोघी तिच्या घरी जाऊन त्याच्याशी भांडलो.

"तुमचं शिक्षण झालंय, बाई. तुमचं काय जातंय?" तो म्हणाला.

दोन महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं.

आता मुलाखतीत विचारतात, तुमच्यामुळं किती पोरी गायला लागल्या? त्यातल्या किती गप्प बसवल्या, तेही विचारा की!