पाणी मारलेला खडक

माझी आई यावलच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि हिमनदी तर अशी शिकवायची की काय सांगू! मार्चमध्ये अंगाची लाही होत असताना रिक्षातून वर्गात बर्फाची लादी यायची. आई तिच्या तुकड्याच्या बुडाला वाळू-खडे दाबून बसवायची आणि कपड्याच्या साबणाच्या वडीवर जोर लावून घासायची. वडीवर एकसारखे ओरखडे उठायचे. "नुसता बर्फ काय कापणार? त्याच्या पोटात अडकलेले दगड खडकाला ओरबाडतात," ती म्हणायची. तास संपेपर्यंत अर्धी लादी वितळलेली, उरलेली पोरांच्या तोंडात. मीही त्याच वर्गात होते. वाळूसकट तो बर्फ चाखलाय मी.

पण बाईंनी स्वतः हिमनदी जन्मात पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर जाऊ जाऊ म्हणता म्हणता डोळे बिघडले. मधलं दिसेना, कडेचं तेवढं धूसर दिसायचं. जळगावच्या डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, "अक्का, काय बघायचं असेल ते लवकर बघून घ्या." घरी येऊन चपला काढायच्या आत आई म्हणाली, "मला हिमनदी बघायची आहे." काशी नाही, रामेश्वर नाही, हिमनदी! तिच्या हट्टापुढे कुणाचं काय चालतंय? मे महिन्यात आम्ही मायलेकी दशम्या आणि ठेचा बांधून भुसावळला गाडीत बसलो.

हिमाचलातल्या दरीत टॅक्सीने पोचलो, तर दरड कोसळून रस्ता बंद. ड्रायव्हरने वर बोट दाखवलं, "वो देखिए माताजी, ग्लेशियर." मला दिसत होती, दोन डोंगरांच्या मधे, मळकट पांढरी. आई मान तिरकी करकरून बघत राहिली. मग हळूच विचारलं, "तो ढग आहे का गं?" एवढ्या लांब येऊन हे? मी ड्रायव्हरवर चिडले, दरडीवर चिडले, स्वतःवरही चिडले. पायी वर जाणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

"चल, बसू जरा," आई म्हणाली. रस्त्याकडेला एक खडक होता, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. आणि आईने काय करावं? बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं! आपल्याकडे उन्हाळ्यात ओट्यावर पाणी मारल्याशिवाय बसतंय कोण? ढुंगण भाजतं. पण इथे मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होते.

"अगं माय, थंडीने मरतोय आपण इथे! आता ओल्यात बसणार का?" मी ओरडले. ड्रायव्हर खो खो हसायला लागला.

"सवयीने हात गेला बाई," आई जीभ चावून म्हणाली.

तेवढ्यात माझं लक्ष खडकाकडे गेलं. ओला झालेला भाग चकाकत होता, आणि त्यावर कोरड्यात मुळीच न दिसलेल्या रेघा उमटल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. "माय, रेघा! साबणाच्या वडीवर यायच्या ना, तश्शा!"

गुडघे विसरून आई खालीच बसली. दोन्ही तळवे खडकावर टेकून, बोटं रेघांतून फिरवत ती पुढे सरकत गेली. एका अंगाला घोटून काढलेला गुळगुळीत उतार होता, दुसऱ्या अंगाला खडक तुटका, खडबडीत. "हिमनदी इकडून चढताना घासत गेली, पलीकडे उतरताना ढलप्या उपटून घेऊन गेली," आई म्हणाली. आवाज थेट वर्गातला! "इथे आपल्या डोक्याच्या कितीतरी वर बर्फ होता, पोरी." काय बाई आहे ही! ड्रायव्हरही हसायचं थांबून शेजारी बसला आणि खडकावरून बोट फिरवू लागला.

मग आई उठली. एक हात रेघांवर ठेवून तिने त्यांच्याच रोखाने दुसरा हात वर उचलला आणि बोट दाखवलं. नेमकं दोन डोंगरांच्या मधे, त्या मळकट पांढऱ्यावर. "तिथून आली."

"तुला दिसते का गं?" मी घाबरतच विचारलं.

शाळेत आयुष्यभर पुस्तकी मराठी बोललेली माझी आई, जीव भरून आला की धुळ्याकडच्या माहेरच्या बोलीत बोलते; मग 'सगळं'चं 'बठ्ठं' होतं. ओला, गारठलेला हात तिने माझ्या गालावर ठेवला.

"माले बठ्ठं दिखी ऱ्हायनं, माय."