पत्र्याचा आवाज

आबा, म्हणजे माझे वडील, पत्र्याचं काम करायचे. शाहूपुरीतल्या आमच्या गॅरेजात गंजून सडलेल्या जुन्या गाड्या यायच्या आणि कोऱ्या होऊन जायच्या. नव्वद सालानंतर आबांना दिसायचं बंद झालं आणि हातोडा माझ्या हातात आला. तरी एक रीत राहिली. आबांनी बोट वाकवून, ठोकून बघितल्याशिवाय गाडी बाहेर पडायची नाही. पत्रा खणखणतो, भोकं बुजवायला थापलेली पुट्टी मुकी असते.

एकदा आजऱ्याहून माझ्या जन्माआधीची एक गाडी आली. महिनाभर खपून मी इंजिन चालू केलं. दाराखालचा पत्रा मात्र पार कुजला होता. तो कापून नवा जोडायचा सोडून मी वर पुट्टी थापली आणि रंग मारला. कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही.

मालक गाडी न्यायला आले. आबा बॉनेटपासून ठोकत निघाले. दाराखाली त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा ठोकलं.

"कसं झालंय काम?" मालकांनी विचारलं.

"चांगलं झालंय की. न्या बिनघोर," आबा म्हणाले.

जन्मात ते गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, हातोडा फेकून मारला असता, तर मी सुटलो असतो.

पुढं मरेपर्यंत ते रोज गॅरेजात येऊन स्टुलावर बसायचे. मी प्रत्येक गाडी त्यांच्यासमोर आणून उभी करायचो.

"आबा, बघा की ठोकून."

मांडीवरचा हात ते उचलायचे नाहीत.

"तू म्हंतोस न्हवं? मग झालंच असंल."