भातकुलीचा गुलाब आणि माझा कुंचला

भातकुलीच्या पाटलांचा कुत्रा माझ्याकडून हरवला, तेव्हा तो माझ्याच अंगणात बांधलेला होता. (गाठ मी मारली होती, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते.)

दिवस कापसाच्या तेजीचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचं मोल आलं. ज्याच्या रानात कापूस, त्याच्या डोक्यात रोज नवी हौस! मी अमरावतीचा चितारी. लग्नघरांच्या भिंतींवर मोर, हत्ती, केळीचे खांब काढायचो. माझा हत्ती लोक लगेच ओळखत. सोंडेवरून.

एक दिवस पाटील दारात उभे. धिप्पाड देह, पिळदार मिशी, आणि हातातल्या दोरीला पांढरा दांडगा कुत्रा. एक कान काळा, पाठीवर तांबडा डाग.

"चितारी, अकोल्याले कापूस घेऊन गेलो होतो. तिथं साहेबाच्या बंगल्यात कुत्र्याचं चित्र टांगलं हाय! अन् ते कुत्रं म्हंजे माह्या गुलाबापुढं उंदीर हाय, उंदीर! आता ह्याचं चित्र काढ."

"कुत्र्याचं?" मी विचारलं.

"मंग काय माहं?" पाटील ओट्यावर बसले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आमची पोरगी यमुना आता बाळापूरले सासरी जानार हाय. तिची सासू कुत्र्याले उंबरा ओलांडू देत नाई. अन् पोरगी रडून राह्यली, का गुलाबाबिगर जात नाई म्हून. मंग म्हनलं, चित्र तरी ने बाई. लहानपनी ती विहिरीत पडली होती, तं यानंच भुंकून गाव गोळा केलं. कुत्रा नाई हा, लेक हाय माहा. बाजाराच्या दिवशी न्यायले येतो. त्याले काई झालं तं..."

 पाटलांनी मिशी पिळली.

मी फळी मांडली, रंग खलले आणि कुंचला उचलला. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. गुलाबानं नाक वर केलं, हुंगलं आणि एका झेपेत कुंचला खाल्ला! दुसरा काढला, तोही खाल्ला. शेवटी काडीला चिंधी बांधून कामाला लागलो, तर गुलाब माझ्याकडे पाठ करून बसला. स्वयंपाकघरातून भाकरीचा वास येत होता ना! मी फिरून त्याच्या तोंडासमोर गेलो, की तोही फिरे. असं आम्ही दोघांनी अंगणाला किती फेरे घातले, ते तुळशीलाच ठाऊक.

चित्र झाल्यावर बायकोला दाखवलं. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं.

"पाय चार काढले, हे बरं केलं," ती म्हणाली.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात आलो, तर खुंटा जागेवर, दोरी जागेवर, गाठसुद्धा जागेवर. फक्त गुलाब नव्हता!

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी कापसाच्या शेकडो गाड्या आधीच येऊन उभ्या. मी एकेका गाडीखाली वाकून "गुलाब, ए गुलाब" अशी लाडानं हाक मारतो आहे, आणि एका गाडीखाली झोपलेली बाई उठून मला बैल हाकायच्या काठीनं मारायला धावली. (तिचं नाव गुलाब होतं, याला मी काय करू?) दिवस मावळला तरी कुत्रा नाही. जेवण गोड लागेना. डोळ्यांपुढे एकदा पाटलांची मिशी येई, एकदा ती रडणारी पोरगी. मिशीपेक्षा पोरगीच जास्त छळत होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी माझा मेव्हणा गणपत (बायकोचा भाऊ, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठ्या अकला) एक पांढरा बेवारशी कुत्रा घेऊन हजर झाला.

"भाऊजी, एक कान काजळानं काळा करा, पाठीवर गेरू मारा. झाला गुलाब!"

"पाटील आंधळा हाय का बे?"

"कापसाच्या भावानं सारेच आंधळे झाले हायेत. तुमी मारा तं खरं!"

बुडत्याला काडीचा आधार. मी मारला गेरू. आणि सांगतो, इतकं शहाणं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही. जागचं हललं नाही, चिंधीच्या कुंचल्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. बायको कौतुकानं म्हणाली, "पयल्यांदा हुबेहूब जमलं तुमाले! तेबी कुत्र्यावर!"

तेवढ्यात पाटलांची दमणी, बैलांची हलकी गाडी, दारात थांबली. ते उतरायच्या आतच मी सुरू झालो, "या पाटील, या! गुलाबानं तुमची किती वाट पायली! घास खाल्ला नाई बापड्यानं!"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. रंगवलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. आणि त्यांच्या मागून, दमणीतून, भुंकत उडी मारली ती... गुलाबानं!

मी जागीच थिजलो. गुलाब सरळ त्या दुसऱ्या कुत्र्याजवळ गेला, त्याला हुंगलं आणि त्याचा काळा कान प्रेमानं चाटला. कान पांढरा झाला. गणपतला अचानक घरी म्हशीला पाणी पाजायची आठवण झाली. (त्याच्याकडे म्हैस नाही.)

मी पाटलांचे पाय धरले. "चुकलो, पाटील! गुलाब सुटला, लई भेव वाटलं..."

पाटलांचा चेहरा लाल झाला. मिशी थरथरू लागली. मी डोळे मिटून घेतले. आणि कानावर आलं ते हसू! पाटील पोट धरून ओट्यावरच बसले.

"अरे येड्या, काल दुपारीच घरी आला तो! दारात उभा अन् शेपूट हालवून राह्यला! मले वाटलं, तू उपाशी ठेवला म्हून पयाला. तुलेच झापाले आलो होतो. आता कायले झापू? हसू का झापू?"

छातीवरचा धोंडा असा उतरला, की मी तिथेच मातीत फतकल मारली. बायकोनं आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

पाटलांबरोबर यमुनाही आली होती. "काका, चित्र दाखवा ना," ती म्हणाली. मी भीत भीत फळी पुढे केली. तिनं मान इकडून वाकडी केली, तिकडून वाकडी केली.

"हे वासरू हाय का?"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण पोरीचा चेहरा एकदम उजळला. "मंग तं बेस झालं! कुत्र्याचं चित्र सासूबाईनं घरात लावू देल्लं नसतं. वासराले कोन नाई म्हनते? गुलाब हाय, हे मले ठावं हाय. बस!" तिनं फळी उराशी धरली. पाटील उपरण्यानं डोळे पुसत होते. हसण्यानंच, असं ते म्हणाले.

दिवाळी सरल्यावर बाळापूरहून यमुनेच्या सासूबाईंचा माणूस निरोप घेऊन आला. वासरू त्यांना फार आवडलं होतं. त्याची माय पण काढून द्या, असा आग्रह होता. मी सारी कला पणाला लावली. शिंगं काढली, आचळं काढली, गळ्यात घंटा बांधली आणि गाय पाठवून दिली.

आठवड्यानं तोच माणूस पुन्हा दारात. "सासूबाईनं सांगतलं," तो म्हणाला, "घोडा नामी काढला. फकत वासराजवळ टांगला नाई. लाथ मारन म्हून!"