भाऊजींच्या डिंगऱ्या

मुळा लावायचा आणि तो कुणालाही उपटू द्यायचा नाही, असा माणूस साऱ्या ओमानमध्ये एकच होता आणि तो माझ्या मावसबहिणीचा नवरा होता. भाऊजी निझव्याच्या वर, जबल अख्दरच्या डोंगरातल्या एका गावी सरकारी दवाखान्यात औषधं देत. ताई मुलीच्या शाळेसाठी खाली मस्कतला राहायची. महिन्यातून एकदा मायलेकींना गाडीने वर नेण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या काळी रस्ता खडीचा होता. पोचेपर्यंत ताई बोलायची नाही, पोचल्यावर बोलायची. एका हिवाळ्यात दोन स्वेटर घालून ती म्हणाली, "जिथे साध्या डिंगऱ्या मिळत नाहीत, तिथे मी म्हातारी होणार नाही. पोरीची दहावी झाली की मी पुण्याला." दहावीला तीन वर्षं होती. मुळ्याच्या कोवळ्या शेंगांवर एवढं काही अवलंबून नव्हतं, हे मला कळत होतं. भाऊजींनी मात्र ती अट मानली आणि शेंगा धरेपर्यंत न उपटायचा मुळा लावला.

ते सगळंच औषधाच्या चिठ्ठीप्रमाणे करत. चहा दिवसातून दोनदा, खाल्ल्यानंतर. पाहुण्याला डाळिंब दिलं तरी सोबत सूचना असे, "अर्धं आज, अर्धं उद्या." मुळ्याच्या वाफ्याशी त्यांनी थर्मामीटर टांगला. पारा उतरला की रोपांवर दवाखान्यातल्या जुन्या चादरी पसरत. सकाळी वाफा वॉर्डासारखा दिसे. तरी पहिल्या वर्षी फुलं थंडीने गेली. वहीत नोंद झाली, "रुग्ण दगावले."

दुसऱ्या वर्षी झाडं कमरेएवढी झाली, पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी भरली आणि भाऊजी कामासाठी दोन दिवस निझव्याला उतरले. त्यांचे घरमालक सत्तरीचे होते. भाऊजी त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. मुळा कधी काढायचा एवढंही या माणसाला कळत नाही, याचं अर्बाबांना बरेच दिवस वाईट वाटत होतं. त्यांनी सगळे मुळे उपटले, पाटाच्या पाण्यात धुतले आणि भाऊजी परतताच खजुरासोबत परातीत आणून दिले. "खलास, सदीक, दोस्त! मूली बुड्ढा होता था, हम बचाया." भाऊजींनी आभार मानले आणि लाकडासारखा झालेला एक अख्खा मुळा त्यांच्यासमोर चावून खाल्ला. त्या दिवशी त्यांनी चहा चार वेळा घेतला.

तिसऱ्या वर्षी, बी पेरतानाच, त्यांनी अर्बाबांना खरं कारण सांगितलं. "शेंग नहीं आया, तो बीवी जाएगी." फुलं आल्यापासून अर्बाब रोज काठी घेऊन वाफ्याशी बसू लागले. बकरीच काय, दवाखान्याच्या डॉक्टरांनाही जवळ येऊ देईनात.

दहावीची परीक्षा झाली. विमानाची तिकिटं निघाली. निरोपाला म्हणून आम्ही वर गेलो, तेव्हा साऱ्या वाफ्यात मिळून सात शेंगा होत्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या. भाऊजींनी त्या बशीत मांडून ताईपुढे ठेवल्या आणि काहीच सूचना दिली नाही. ताईने एक चावली.

"अजून भरल्या नाहीत. आठ दिवस तरी हवेत."

दारातून अर्बाब म्हणाले, "तो रुको आठ दिन."

ताई मला म्हणाली, "तिकीट पुढचं मिळतं का बघ रे."

ती आठ दिवस राहिली. डिंगऱ्यांची भाजी तीनदा झाली. नवव्या दिवशी ती मुलीला घेऊन गेली, कारण पुण्यातलं कॉलेज डिंगऱ्यांवर चालत नव्हतं. भाऊजी आणखी चार वर्षं एकटेच वर राहिले आणि मग तेही पुण्याला गेले. आता मंडईतून डिंगऱ्या आणतात आणि यांना चव नाही म्हणतात, असं ताईने फोनवर सांगितलं.

पुढे डांबरी रस्ता झाल्यावर मी एकदा वर गेलो. अर्बाब थकले होते. वाफ्यात मुळ्याची एक ओळ फुलावर आली होती, जुन्या चादरीही घडी करून बांधावर ठेवलेल्या होत्या. मी विचारलं, "आप खाते हैं?"

"हम नहीं खाता. कड़वा है," ते म्हणाले. "मदाम कभी वापस आएगा, तो फिर आठ दिन कौन रुकेगा?"