कॅल्शियमचं दार आणि काकांची बाटली

प्रयोगशाळेत सगळे त्यांना द्रावणवाले काका म्हणत. तीस वर्षं मीठपाणी ढवळून त्यांना वाटू लागलं होतं की सगळं विज्ञान आपल्याच चमच्यावर उभं आहे. संशोधकांना ते पुस्तकी पोपट म्हणत. स्वतः मात्र एकच धडा पाठ केला होता आणि तो दिसेल त्याला ऐकवत.

धडा असा. पेशीच्या पडद्यात कॅल्शियमचं दार असतं. सोडियम आणि कॅल्शियम आकाराने जवळपास सारखेच, त्यामुळे हे दार अंगकाठी बघत नाही. त्याच्या अरुंद गळ्यात ऋण भाराचे चार हात असतात. कॅल्शियमवर दुहेरी धन भार, म्हणून ते हात त्याला घट्ट धरतात. मागून दुसरं आलं की पहिलं आत सरकतं. एकेरी भाराच्या सोडियमची तिथे डाळ शिजत नाही. पण बाहेर कॅल्शियमच नसेल, तर तेच सोडियम बेधडक आत घुसतं.

सोमवारी हेच सफाईवाल्या बाईंना ऐकवता ऐकवता काकांनी पेशी ठेवायचं आठवड्याचं द्रावण ढवळून टाकलं.

बुधवारी संशोधक मुलगी आली. तिच्या प्रयोगातल्या पेशींमध्ये सोडियम धो धो शिरत होतं. शुक्रवारपर्यंत नीट नोंद दाखवली नाही तर प्रयोगशाळेचे प्रमुख सर तिची जागा काढून घेणार होते.

"काका, बाटलीत कॅल्शियम घातलंय ना?"

"मी काय आज आलोय इथं? आधी स्वतःचा हात सुधार."

तिने विश्वास ठेवला. ती गेल्यावर काकांनी कपाट उघडलं. कॅल्शियम क्लोराइडची जुनी बरणी गेल्याच आठवड्यात संपली होती, आणि नवीचं सील अजून तुटलेलंच नव्हतं. म्हणजे सोमवारच्या बाटलीत कॅल्शियम पडलंच नव्हतं. त्यांनी कपाट लावून घेतलं.

शुक्रवारी सर तिला म्हणाले, "हात कच्चा आहे तुझा. जागा रिकामी कर."

काका शेजारीच बाटल्या पुसत उभे होते. एक वाक्य बोलले असते तर पोरगी वाचली असती. तीस वर्षं तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या या गृहस्थाला नेमकं तेवढंच जड झालं. तिने टेबल आवरलं आणि जाताना म्हणाली, "येते, काका."

सोमवारी काकांनी सील फोडलं, नवं द्रावण केलं. सर स्वतः नोंदीच्या यंत्रावर बसले. सोडियम बाहेरच थांबलं.

"बघा काका, हात पक्का लागतो."

"तेच तर मी तिला सांगत होतो," काका म्हणाले.