ऑस्ट्रेलियातली तिची घरं

नकाशा समोर आला की ताई चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, "घर राहू दे. पह्यले सांग, पाणी कुठं जाते?" छपराचा उतार, पन्हळी, मोरी हे जमल्याशिवाय ती भिंतींकडे वळायची नाही.

पांढुर्ण्यात एका संत्र्यांच्या आडतीवरच्या माडीत बसून आम्ही चौघी एका कंपनीसाठी ऑस्ट्रेलियातल्या घरांचे नकाशे काढायचो. ताई आमच्यात सगळ्यांत मोठी, रोज सौंसरहून बसने यायची. ऑस्ट्रेलिया तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी ऐटीत म्हणायची, "तिथं माहे किती घरं आहेत!"

तिला हे काम तिथल्याच एका म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनने व्हिडिओ कॉलवर शिकवलं होतं. शिकवणं संपल्यावर तो हसून म्हणाला, आता हे काम तुमचं, उद्यापासून मी घरी. त्या दिवशी ताईचा डबा तसाच राहिला. "आपलं काम जाते हे त्याले माहीत होतं, तरी त्यानं काही लपवलं नाही," एवढंच ती बोलली.

काही वर्षांनी आमची पाळी आली. तेच काम व्हिएतनामला स्वस्तात होणार होतं आणि तिथल्या एका मुलीला ताईनेच शिकवायचं, असा कंपनीचा निरोप आला. आमच्यातली एक चिडून म्हणाली, "ताई, अर्धंच सांग. अडलं तर काम वापस येईन."

"अन् तिनं काढलेलं घर गळलं तर? कोणाच्या तरी लेकराच्या अंथरुणावर पाणी पडन ना!"

व्हिडिओ कॉलवर ताई आणि ती मुलगी, दोघींचंही इंग्रजी अडखळत चालायचं. मग ताई पुठ्ठ्याचं छप्पर करून त्यावर बाटलीतलं पाणी ओतायची. टेबल भिजायचं, पलीकडे ती मुलगी खुदकन हसायची. आधी रुसून बसलेल्या आम्हीही हळूहळू खुर्च्या ओढून तिच्या मागे येऊन बसलो. आमच्या ताईसारखं शिकवणारी दुसरी कोण असणार, असं वाटून ऊर भरून यायचा.

ते ऑफिस बंद झालं. ताई आता सौंसरला स्वतःचं ऑफिस चालवते, बोरगावपर्यंतच्या घरांचे नकाशे तीच काढते. आमची भेट क्वचितच होते. पण तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव निघताच एकच चित्र समोर येतं. मला तो शेवटचा कॉल दिसतो.

ताईने त्या मुलीला म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. म्हणाली, हे सारं त्यांचं आहे, मी फक्त तुझ्यापर्यंत आणलं. मुलगी खुर्चीतून उठली आणि कमरेत वाकली. ताई गडबडली, मग तीही उठून उभी राहिली. कॅमेऱ्यात तिचा चेहरा मावेना. दिसत होते ते फक्त तिचे जोडलेले हात.