आधी हातोडी, मग चहा

सारोळ्याला हायवेच्या कडेला शालनकाकूंचं शेडच्या पत्र्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आत आलं की त्या पाणी विचारायच्या नाहीत, चहा विचारायच्या नाहीत. थेट हातात हातोडी द्यायच्या. "हाणा."

समोर दोन विटांवर पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे चिवट प्लॅस्टिकच्या पत्र्याचा तुकडा ठेवलेला असे, काचेसारखा आरपार दिसणारा. गिऱ्हाईक बिचकत टकटक करायचं. "अवो, हाणताय का आंजारताय? सासूला आठवा नि हाणा!" मग माणूस खरंच हाणायचा. हातोडी उसळायची, दुकानभर दणका घुमायचा आणि तुकडा होता तसाच. एखादा वण पडला तर पडला. मग काकू माझ्याकडे वळायच्या, "आता सांग चहा."

मी त्यांचा टेम्पो चालवायचो, पत्रे बसवायचो आणि उरलेल्या वेळात बोलणी खायचो. पहिल्याच आठवड्यात धुळकट पत्रा चकाचक करावा म्हणून मी तो थिनरनं पुसला. पत्रा दुधासारखा पांढुरका झाला. काकूंनी तो उन्हात धरून बघितला. मग म्हणाल्या, "साबणाचं पाणी नि मऊ फडकं, दुसरं काय चालत न्हाई त्याला. तू घरी तोंड थिनरनं धुतोस व्हय?"

"नाही, काकू."

"मग ते असं कशानं झालंय?"

पुढे स्क्रू पिळून पिळून घट्ट केले, तेव्हाही तसंच. "भोक मोठं पाड, स्क्रू बेतानं आवळ. उन्हात पत्रा वाढतो, गारव्यात आकसतो. अंग हलवायला जागा न्हाई दिली तर तडकंल. तुझ्या वहिनीनं माहेरी जाते म्हणलं तरी तुझा भाऊ असाच आवळतो. सांग त्याला." मी सांगितलं नाही. पत्र्याचं तेवढं लक्षात ठेवलं.

वेल्ह्याच्या बाजारात काकूंना पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातली हिराई भेटली. दर पावसाळ्यात तिची करडं मरायची. गोठा ओला आणि इतका अंधारा, की कुठलं करडू कण्हतंय तेही दिसायचं नाही. "यंदाच्या पावसात तुझी करडं उजेडात उभी करते," असा शब्द काकूंनी भर बाजारात देऊन टाकला. अडचण एकच होती, हिराईचा नवरा धोंडिबा. त्यानं निरोप धाडला, "फायबर म्या बघितलंय. दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं, वानर उडी मारून आत येतं. आमाला नको."

"त्याच्या हातात हातोडी दिली की झालं," काकू म्हणाल्या, आणि मला हातोडी नि तुकडा टेम्पोत टाकायला सांगितलं.

आता इथे माझी अक्कल चालली. दुकानातला तुकडा मार खाऊन खाऊन पार वणांनी भरला होता. म्हटलं, पहिल्यांदाच जातोय, हे असलं ध्यान कुठे न्यायचं? कोपऱ्यात तसाच, कोराकरकरीत, वरची पातळ फिल्मसुद्धा न काढलेला एक आरपार तुकडा होता. तोच घेतला. निघताना स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन शीळसुद्धा घातली.

धनगरवाड्यात सगळी वस्ती गोळा झाली. काकूंनी हातोडी पुढे केली. "हाणा, आबा. सासूला आठवून." धोंडिबाला सासू चांगलीच आठवली असावी. त्यानं एकच हाणली आणि तुकड्याच्या ठिकऱ्या उडाल्या. शेरडं चौखूर पळाली. हिराईनं तोंडावर पदर धरला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो तुकडा ॲक्रिलिकचा होता, दुकानाच्या पाटीसाठी आणलेला. पण मी काही कमी नाही. मी खाकरलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "बघितलंत? नकली माल असा फुटतो! हे दाखवायलाच मुद्दाम आणलं होतं!"

दोघांतिघांनी माना डोलावल्यासुद्धा.

"गप रं," काकू म्हणाल्या. "मुद्दाम न्हाई आणलं, आबा. ह्या शहाण्यानं पाटीचा तुकडा उचलून आणलाय. चूक आमची हाय."

धोंडिबानं हातोडी खाली ठेवली. "मग खरा कुठाय?"

"सारोळ्याला. हा जाऊन आणंल. तवर मी हितं गहाण."

अख्खी दुपार माझी घाटात गेली. परत आलो तर काकू आणि हिराई अंगणात वाकून ठिकऱ्या वेचत होत्या, शेरडांच्या खुरात जाऊ नयेत म्हणून. मी तो जुना, वणांनी भरलेला तुकडा खाली ठेवला. धोंडिबानं त्या वणांवरून बोट फिरवलं.

"हे कशाचं?"

"तुमच्यासारख्यांनी हाणल्याचं," काकू म्हणाल्या.

तो पहिल्यांदा हसला. मग त्यानं हाणलं, पुन्हा हाणलं, मग मिशा पुसून हातोडी पुढच्याला दिली. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही हात साफ करून घेतला.

पत्रे आम्ही पावसाच्या आधी बसवले. एका बाजूला उन्हाचा मारा सोसणारा थर असतो, फिल्मवर अक्षरं असतात ती बाजू. ती खाली गेली तर पत्रा पिवळा पडून ठिसूळ होतो. काकू खालून ओरडत होत्या, "अक्षरं आभाळाला वाचू दे! तुला वाचून काय उपेग झाला न्हाई!"

भर पावसात आम्ही पुन्हा वर गेलो. गोठ्यात दुधट उजेड होता आणि करडं त्यात उड्या मारत होती. हिराई एकेकाला नावानं हाक मारून दाखवत होती. धोंडिबाची तक्रार एकच. "पावसात लई वाजतं, बाई."

"वाजणारच," काकू म्हणाल्या. "मी बी वाजते. गळत न्हाई ना?"

"न्हाई."

"मग झालं तर."

गेल्या हिवाळ्यात काकू चार दिवसांच्या तापात गेल्या. दुकान आता मी बघतो. गिऱ्हाईक आलं की मी आधी चहा विचारतो. काकूंसारखं 'हाणा' म्हणायला माझा आवाज पुरत नाही.

काकू गेल्यावर पंधरवड्यानं धोंडिबा एसटीनं आला. पासलीहून सारोळ्याला, एवढ्या लांब. मी उठून "या आबा, चहा सांगतो," म्हणालो. त्यानं हातानंच थांबवलं. काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, विटांजवळची हातोडी उचलली आणि तुकड्यावर एक जोरात हाणली. दुकानभर दणका घुमला. तो विरेपर्यंत म्हातारा मान खाली घालून उभा राहिला.

"बाईगत वाजतंय," म्हणाला. मग बाकावर बसला, पटका काढून मांडीवर ठेवला.

"आता सांग चहा."